कासचं पठार, यवतेश्वरचा घाट आणि गाडी लागणारी लेक

सांगलीहून कासला जायचं ठरलं, तेव्हा आमच्या घरात फुलांपेक्षा जास्त बोलणं झालं ते उलट्यांवर. माझ्या सहा वर्षांच्या लेकीला गाडी लागते. मे महिन्यात पाचगणीला जाताना पसरणी घाटात तिला तीनदा उलटी झाली आणि तिसऱ्या वेळी मी तिच्यावर ओरडलो, "आता बास की!" ती काही बोलली नाही. पण परतल्यावर कितीतरी दिवस गाडीचं नाव काढलं की आज्जीच्या मागे जाऊन उभी राहायची. ते माझ्या मनातून जाईना.

मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, त्याला गाडीचं प्रत्येक वळण, प्रत्येक हेलकावा जाणवतो. नजर मात्र पुस्तकावर किंवा मोबाइलवर असली, तर डोळे सांगतात की आपण जागेवरच आहोत. मेंदूकडे दोन उलट निरोप जातात आणि मळमळायला लागतं. दोन ते बारा या वयात हा त्रास जास्त, दोन वर्षांच्या आतल्या बाळांना क्वचितच. हे ऐकताना मला आठवलं, की पसरणीत तिने किरकिर करू नये म्हणून तिच्या हातात मोबाइल मीच दिला होता.

डॉक्टर आणखी एक बोलले. गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, कारण पुढे काय येणार हे त्याला आधी दिसतं आणि त्याचं शरीर तयार असतं. तेच आपण लेकीला का देऊ नये, असं मला वाटलं.

म्हणून या वेळी तिची जागा बदलली. आज्जी म्हणत होती, "पुढं घे तिला, मांडीवर." ते अजिबात करायचं नाही. गाडीने जोरात ब्रेक मारला किंवा एअरबॅग उघडली, तर मांडीवरच्या मुलाचं काय होईल याचा विचारही नको वाटतो. आमच्या गाडीत मागच्या सीटवर मधेही खांद्यावरून येणारा पट्टा आहे. तिथे बूस्टर सीट, म्हणजे मुलांना उंच करणारी बैठक, लावली. तिथून तिला समोरच्या काचेतून रस्ता नीट दिसायला लागला. आरशाला टांगलेला सुगंधी डबा काढून टाकला, त्या वासाने तर मलाही डोकं जड व्हायचं.

निघायच्या दीड तास आधी दोन इडल्या, चटणीशिवाय. उपाशी पोटी नेलं तरी मळमळतं आणि पोट तुडुंब असलं तरीही. सांगलीकर असून भडंग घरी ठेवलं, सोबत साधे चुरमुरे घेतले. बायकोने आलेपाक घेतला. सातारा जिल्ह्यात आलं भरपूर पिकतं, आलेपाक सहज मिळतो. तुकडा चघळला की लेकीला थोडं बरं वाटतं, एवढा आमचा अनुभव. औषधाची जागा तो घेत नाही. डॉक्टरांनी वजन बघून लिहून दिलेलं औषध जवळ होतं. ते मळमळ सुरू झाल्यावर देऊन फारसा उपयोग होत नाही, निघण्याआधी अर्धा ते एक तास द्यावं लागतं, आणि त्याने झोप येते. मोठ्यांच्या गोळीचा तुकडा मोडून मुलांना देणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. यातली प्रोमेथाझिनसारखी औषधं दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचीच नसतात.

आणि श्रीखंडाचे दोन रिकामे डबे. पिशवी गळते, डब्याला झाकण असतं.

पेठ नाका, कऱ्हाड, उंब्रज करत हायवेने साताऱ्यापर्यंतचे साधारण सव्वाशे किलोमीटर काही त्रास झाला नाही. रात्री आत्याकडे मुक्काम केला, तो मुद्दाम. कासला हंगामात आगाऊ नोंदणी करून ठरलेल्या वेळेतच जावं लागतं. सांगलीहून थेट निघालो असतो, तर ती वेळ गाठायला मी घाटात गाडी पळवली असती. साताऱ्याहून कास पंचवीसेक किलोमीटर. सकाळी हाताशी भरपूर वेळ होता.

समर्थ मंदिर मागे पडलं, यवतेश्वरचा चढ सुरू झाला आणि लेकीला काम दिलं: वळण आलं की मला सांगायचं. "पप्पा, डावीकडं! आता उजवीकडं, मोठ्ठं!" तिची नजर आपोआप लांब रस्त्यावर. मीही वळणाच्या आधीच वेग कमी करत होतो, वळणात ब्रेक नाही, बाहेर पडताना एकदम ॲक्सिलरेटर दाबणं नाही. इतकी वर्षं घाट चालवतोय, पण मागे बसलेल्याच्या पोटाचा विचार करून त्या दिवशी पहिल्यांदा चालवला. मधे एकदा ती गप्प झाली, जांभई दिली. पूर्वी मी याला कंटाळा समजायचो. ही सुरुवात असते, मग चेहरा पांढरा पडतो, तोंडाला पाणी सुटतं. रुंद जागा बघून थांबलो, पाच मिनिटं वाऱ्यात उभे राहिलो, खाली सातारा दिसत होता. परत बसल्यावर तिचा आवाज परत आला.

पठारावर सोनकी, तेरडा, गेंद सगळं फुललेलं. सीतेची आसवं इवलीशी, जांभळी. ती बारीक जीव पकडून खातात, हे कळल्यावर लेक उकिडवी बसून बघतच राहिली.

परतताना धुकं उतरलं. वीस फुटांपलीकडे काही दिसेना. वळण सांगायला तिला वळणच दिसत नव्हतं, आणि यवतेश्वर यायच्या आधीच तिने डबा मागितला. गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, चारी दिवे लुकलुकत ठेवले. बायकोने तिचं कपाळ धरलं. झालं तेव्हा तिने आधी माझ्याकडे बघितलं. मी चूळ भरायला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणालो, "धुक्यामुळं झालं बघ. तुझं काही चुकलं नाही." आम्ही पंधरा मिनिटं तिथेच थांबलो. मागून येणारे हॉर्न देत गेले, देऊ दे.

संध्याकाळी आत्याच्या हातचा वरणभात तिने आधी दोन घास, मग वाटीभर खाल्ला. सकाळी सामान भरत होतो, तर ही आधीच बूस्टरवर बसून पट्टा लावून तयार.

"पप्पा, कऱ्हाडपर्यंत वळणं किती आहेत?"

"मोज की."