१.८ मीटरची पवनचक्की: पावसाळी वाऱ्यातली चाचणी

नैऋत्येचा वारा पठारावर स्थिरावला आणि चाचणीला खरा वेग आला. उन्हाळ्यात वाऱ्याच्या वेगाचे सेकंदाला ६ मीटरच्या वरचे आकडे जेमतेम मिळायचे. आता ८, ९, १० मीटरच्या वेगाच्या नोंदींचे कप्पेही भरू लागलेत. यंत्र तेच आहे: ह्यू पिगॉट यांच्या आराखड्यावर घरी बांधलेली, १.८ मीटर व्यासाची, तीन लाकडी पात्यांची पवनचक्की. सोबत २४ व्होल्टची बॅटरी, आणि ती भरली की जादा वीज हीटरमध्ये जिरवणारा कंट्रोलर.

मोजणी आयईसी ६१४००-१२-१ या पवनचक्क्यांची वीज मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या लहान यंत्रांच्या पद्धतीला धरून चालू आहे. अ‍ॅनिमोमीटरचा, म्हणजे वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राचा, खांब पवनचक्कीपासून व्यासाच्या अडीचपट, म्हणजे ४.५ मीटर अंतरावर, आणि त्याचे फिरते कप पात्यांच्या मध्याच्या उंचीला. मोठ्या पवनचक्क्यांना दहा मिनिटांची सरासरी घेतात, लहानांना एका मिनिटाची, कारण हलकं चक्र झोताबरोबर लगेच वेग बदलतं. ती मिनिटं ०.५ मी/से रुंदीच्या कप्प्यांत टाकायची आणि दर कप्प्याची सरासरी वीज काढायची; त्यातून कुठल्या वेगाला किती वीज हे दाखवणारा वक्र मिळतो. खांब यंत्राच्या मागे येईल अशा दिशेचा वारा असला तर ती मिनिटं सरळ काढून टाकतो, कारण पात्यांनी घुसळलेला वारा मोजून काहीच कळत नाही. म्हणूनच खांब नैऋत्येच्या बाजूला उभा केलाय. पावसाळ्यातली बहुतेक सगळी नोंद कामी येते.

सगळ्यात जास्त वेळ वाऱ्याच्या घनाने खाल्ला, आणि तो द्यायलाच हवा होता. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. अर्धा वेळ ३ आणि अर्धा वेळ ७ मी/से वारा असेल तर सरासरी ५ येते. पण ५ चा घन १२५, तर ३ आणि ७ च्या घनांची सरासरी १८५. म्हणजे तासाची सरासरी घेऊन बसलात तर यंत्र आहे त्यापेक्षा जवळजवळ दीडपट हुशार दिसतं. वाऱ्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्के शक्तीच पवनचक्की काढू शकते, ही बेट्झची मर्यादा. कुणाचा कार्यक्षमतेचा आकडा तिच्या वर गेला, तर आधी सरासरीचा काळ आणि अ‍ॅनिमोमीटरचं कॅलिब्रेशन तपासा.

हवेची घनताही विसरू नका. पाट्यांवरचे आकडे १.२२५ किलो प्रति घनमीटर धरून असतात. ११०० मीटर उंचीवर उबदार हवेत ती १.०४ च्या आसपास येते, म्हणजे १५ टक्के शक्ती तिथेच कमी.

या हिशेबाने ५ मी/से ला माझ्या पात्यांनी व्यापलेल्या २.५४ चौरस मीटरमधून साधारण १६५ वॅट वाहतात. एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतर, बॅटरीकडे जाणाऱ्या तारेवर मला ४० च्या आसपास मिळतात. २४ टक्के! लाकडी पाती आणि हाताने गुंडाळलेल्या कॉइल्सना मी हे उत्तम मानतो. ३ च्या खाली चार्जिंग नाही, आणि १० च्या जवळ शेपूट दुमडून यंत्राला वाऱ्यातून बाजूला वळवायला लागतं, तिथून वक्र सपाट होतो. बॅटरीचं व्होल्टेज वाढलं की चक्राचा वेग बदलतो आणि वक्रही सरकतो, म्हणून २५ आणि २८ व्होल्टचे वक्र वेगळे ठेवलेत.

नेमप्लेटवरच्या वॅटवरून यंत्र निवडणाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या स्कूनडाइकची चाचणी जरूर पाहावी. २००८-०९ मध्ये तिथे लहान पवनचक्क्या एकाच मैदानात वर्षभर चालवल्या. वाऱ्याची सरासरी ३.८ मी/से होती. १ किलोवॅटची एअरडॉल्फिन, व्यास माझ्याइतकाच १.८ मीटर, तिने वर्षात ३९३ युनिट दिले. सरासरी ४५ वॅट! ३.७ मीटरच्या स्कायस्ट्रीमने २१०९ दिले. पात्यांनी व्यापलेल्या क्षेत्राने भागलं तर पहिलीचे चौरस मीटरमागे सुमारे १५५, दुसरीचे १९६. मला हाच आकडा पटतो: चौरस मीटरमागे वर्षाचे युनिट, सोबत त्या जागेचा सरासरी वेग. किलोवॅटचा आकडा कुठल्या वाऱ्याला दिलाय हे न सांगता लिहिला असेल तर त्यावर पैसे लावू नयेत. १.५ मीटर व्यासात ११ मी/से ला १ किलोवॅटचा दावा दिसला तर तो नुसत्या बेट्झच्या मर्यादेनेच खोटा ठरतो; समुद्रसपाटीवरही ८५५ च्या पुढे जाणं शक्य नाही.

पुढचं काम: पात्यांचा कोन दोन अंशांनी कमी करून ४ ते ७ चे कप्पे पुन्हा भरायचे, पण व्होल्टेज तेच ठेवून. ज्यांच्याकडे याच आराखड्याचं यंत्र आहे, त्यांनी आपले मिनिट-सरासरीचे कप्पे घनतेच्या नोंदीसह जुळवून पाहावेत.