१६० पैकी २७

शनिवार, रात्रीचे पावणेअकरा

दुपारी अमेरिकेतल्या भाच्याचा मेसेज आला, "मावशी, तू किती लिबर्टेरियन आहेस ते तपासून बघ." आधी वाटलं, बी-ट्वेल्व्हसारखी काही तपासणी असेल. निघाली राजकीय मतांची प्रश्नावली. लिबर्टेरियन म्हणजे सरकारचा हात कमीत कमी असावा म्हणणारे. ब्रायन कॅप्लन नावाच्या, जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने केलेली. ६४ प्रश्न, हो किंवा नाही. सुरुवातीचे प्रश्न एका गुणाचे, मधले तीन, शेवटचे पाच. एकूण १६०. जितकं सरकार नको म्हणाल तितके गुण जास्त.

जेवणं आटोपल्यावर दूधवाल्याच्या कार्डाच्या मागे पेन्सिलीने रेघा मारत बसले. कर फार आहेत का? हो. (हे विचारायचं असतं का?) गांजा कायदेशीर करावा का? इथे दार लोटून घेतलं आणि हो म्हटलं. ज्या राज्यात कायद्याने कडक दारू प्यायला २५ वर्षं पूर्ण लागतात, वर परवाना लागतो आणि तो कोणी कधी बघत नाही, तिथे आणखी एका बंदीने काय होणार आहे!

बाजारात सरकारने हात घालू नये, या जातीच्या प्रश्नांना मी थांबलेच नाही. माझं माहेर चाकणजवळ. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली टपाल संघटनेची नोकरी सोडून आंबेठाणला शेती करायला आले आणि कांद्याचं आंदोलन उभं राहिलं, तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते. 'भीक नको, हवे घामाचे दाम' हे मी पाढ्यांच्या आधी शिकले असेन. २०२३ च्या डिसेंबरात सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा भाऊ फोनवर नुसता श्वास घेत होता, बोलत नव्हता. शहरात कांदा स्वस्त राहावा म्हणून त्याचा माल सडायचा. त्या दिवशी ही चाचणी दिली असती तर ५० च्या पुढे गेले असते.

पण मग वाडा आठवला. सासरचा वाडा पुण्यात शनिवार पेठेत होता, तीन भाडेकरू. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने सप्टेंबर १९४० चं भाडं हेच प्रमाण धरलेलं, ते तिथेच गोठलं. मामंजी चिडून भाडं घ्यायचे नाहीत, की भाडेकरू मनीऑर्डर करायचे, म्हणजे 'आम्ही द्यायला तयार होतो' हे कोर्टात दाखवता यावं. पोस्टमन दारात उभा, मामंजी आतून ओरडायचे, "परत न्या!" पुढे १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. ४२ रुपयांवर ४ टक्के म्हणजे एक रुपया अडुसष्ट पैसे. जिन्याची कुजलेली पायरी बदलायला तेवढ्यात खिळेसुद्धा येत नव्हते. वाडे पडतात ते पावसाने नाही, असं मामंजी म्हणायचे, आणि ते खरंच होतं.

मात्र खालच्या खोलीतल्या काकू विधवा होत्या, पापड लाटून मुलाला शिकवत होत्या. कायदा नसता तर मामंजींनी त्यांना आठ दिवसांत बाहेर काढलं असतं, हेही तितकंच खरं. माझ्या दोन बाळंतपणांत न्हाऊमाखू त्यांनी घातलं. घरमालकांची सून म्हणून माझं उत्तर एक आणि त्या तेलकट हातांची आठवण झाली की दुसरं. चाचणीत रकाने मात्र दोनच.

शेवटचे पाच गुणांचे प्रश्न भन्नाट आहेत. कायदाच खासगी करावा का? सरकारच मोडीत काढावं का? मी धडाधड नाही म्हटलं. रस्ते खासगी करावेत का, यालाही नाहीच. आमच्या गल्लीत पार्किंगवरून जे चालतं ते बघता रस्ता कोणाच्या मालकीचा झाला तर मला घरी हेलिकॉप्टरने यावं लागेल.

बेरीज २७. निकालाचा सूर असा, की तुम्ही अजून मऊ आहात, प्रयत्न केलात तर कडक व्हाल. पाक कच्चा राहिलेला लाडू म्हणजे मी.

भाच्याला आकडा कळवला आणि मग झोपच येईना. खटकत होतं ते गुणांचं नाही. ६४ प्रश्नांत माणसाची मानगूट धरणारं एकच, ते म्हणजे सरकार. पुण्यात बसून हे कसं पटावं? १८९१ चं संमतिवयाचं बिल घ्या. शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय, लग्न झालेलं असलं तरी, दहावरून बारा करायचं होतं. टिळक म्हणत होते, परक्या सरकारने आमच्या घरात शिरू नये. मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत वाचून व्यक्तिस्वातंत्र्यावर लिहिणारे आगरकर मात्र कायदा हवा म्हणत होते, कारण त्या मुलीच्या मानेवरचा हात सरकारचा नव्हता, घरचा होता. या चाचणीत तो गुण टिळकांना गेला असता. आगरकरांची तर याच गावाने ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली, आणि त्यात सरकारचा काही संबंध नव्हता.

हे एवढं मोठं उदाहरण आठवायचं कारण छोटं आहे. आमच्या ऑफिसातली एक मुलगी गेल्या महिन्यात आमच्या इमारतीत जागा बघायला आली होती. सातारची, एकटी, चांगला पगार. मालकाला ती पसंत होती, तिला जागा पसंत होती. दोन माणसांमधला सरळ व्यवहार, भाच्याच्या भाषेत याहून शुद्ध काही नाही. कमिटीने 'फक्त फॅमिली' म्हणून नकार दिला. मी कमिटीत आहे. मी वर बघितलं नाही, चहात बिस्किट बुडवत राहिले, आणि ते तुटून कपात पडलं तेव्हा ते चमच्याने काढण्यात बराच वेळ घालवला. सोमवारी तिने मला विचारलंही नाही. "मॅडम, कर्वेनगरला मिळाली" एवढंच म्हणाली.

उद्या साडेदहाला सोसायटीची सभा आहे, पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. विषय क्रमांक चार, भाडेकरूंसाठी नियमावली. रात्री दहानंतर पाहुणे नकोत, अविवाहितांना जागा देण्याआधी कमिटीची परवानगी, असे एकूण अकरा नियम आहेत. शुद्धलेखन नीट आहे. टायपिंग मीच केलंय.