अकरा फोटॉन

दीर्घिकांच्या यादीत त्या दीर्घिकेपुढे मी 'सामान्य', म्हणजे केंद्रात सक्रिय कृष्णविवर नसलेली, असं लिहून मोकळी झाले होते. अवरक्तात ती झगमगते, म्हणजे धूळ आणि नव्या ताऱ्यांची रेलचेल. क्ष-किरणांत मात्र मंद, सेकंदाला जेमतेम १०⁴¹ अर्ग (ऊर्जेचं एकक). एवढं तेज सोबत्याचा वायू ओढून घेणारे जोडतारे आणि तापलेला वायू मिळून सहज देतात. १०⁴²च्या पुढे गेलं की मगच आम्ही केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराचं नाव घेतो.

त्या दिवशी यादी शेवटची तपासत होते. 'चंद्रा' दुर्बिणीची प्रतिमा उघडली आणि कमी ऊर्जेचे फोटॉन गाळून पाहिले. पसरट चमक विझली. मधोमध एक ठिपका तेवढा उरला: ६ ते ७ केईव्हीमध्ये (हे फोटॉनच्या ऊर्जेचं माप) मोजून अकरा फोटॉन. 'चंद्रा'ची नजर अर्ध्या विकलेइतकी (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) तीक्ष्ण, त्यामुळे तेवढ्याशा जागेत पार्श्वभूमीचा एखादा फोटॉन आला तरी पुष्कळ.

या ऊर्जेवर उमटतं ते लोखंडच असणार. पण कुठलं? अतितप्त वायूतल्या लोखंडाची वर्णपटातली रेषा ६.७ला येते, ती ताऱ्यांच्या स्फोटांमुळेही उमटते. थंड लोखंडाची ६.४ला. ती ठळक असेल, तर आत प्रखर स्रोत दडलेला असतो. त्याचा थेट प्रकाश अडतो आणि भोवतालच्या ढगांवर आदळून परतलेला तेवढा आपल्याला मिळतो. माझे फोटॉन जमले होते ६.२७पाशी. दोन्हींत न बसणारे! मी हिरमुसले.

सरांनी पडद्याकडे पाहून एवढंच विचारलं, "ताम्रसृती धरलीस का?"

दीर्घिका दूर जात असल्यानं तिच्याकडून येणाऱ्या फोटॉनांची ऊर्जा घटते, ती ताम्रसृती. इथं ०.०२. ६.४ भागिले १.०२, ६.२७. माझे हात खरोखर थरथरत होते.

तरी अकरा फोटॉनांवर दावा कसा करायचा? संध्याकाळी 'नूस्टार'चा संग्रह धुंडाळला. ही दुर्बीण ७९ केईव्हीपर्यंत पाहते, आणि इतके भेदक किरण दाट वायूतूनही बरेचसे निसटतात. दुसऱ्याच लक्ष्यासाठी घेतलेल्या निरीक्षणाच्या कोपऱ्यात आमची दीर्घिका सापडली. 'नूस्टार'ला केंद्र आणि शेजारचे जोडतारे वेगळे दिसत नाहीत, ही अडचण होतीच. पण अतितेजस्वी जोडताऱ्यांचा वर्णपट १० केईव्हीपुढे झपाट्यानं ओसरतो. हा २०कडे चढत होता.

वर्णपटाला गणिती प्रारूप बसवलं. आड आलेला वायू दर चौरस सेंटीमीटरमागे १०²⁴ अणूंहून जास्त, आणि तो बाजूला सारला तर मूळ तेज शंभरेक पट. 'सामान्य' खोडताना मला त्या दीर्घिकेची माफी मागावीशी वाटली.

यादीत त्याच शब्दाच्या आणखी चाळीसेक ओळी होत्या. सर घरी गेल्यावर मी पहिलीची प्रतिमा उघडली आणि कमी ऊर्जेचे फोटॉन गाळले.