कडी आणि किल्ली
काल दुपारी फाटक अडून बसले. रिमोटचे बटण दाबले की ते वीतभर सरके, थबके आणि काहीतरी विसरल्यासारखे मागे जाई. पाच-सहा वेळा हा खेळ झाल्यावर मी उन्हात वाकून पाहिले, तर खांबावरच्या फोटोसेलसमोर, म्हणजे वाटेत कोणी आले का हे किरणाने पाहणाऱ्या डोळ्यासमोर, कोळ्याच्या एका तंतूला वाळके पान लोंबकळत होते आणि वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीबरोबर त्या अदृश्य किरणाला आडवे जात होते. फाटकाला वाटे, कोणीतरी मध्ये आले.

मोटर बसवायचे ठरले तेव्हा आलेल्या कारागिराने पिशवी उघडण्याआधी फाटक हाताने ढकलून पाहिले. आम्ही ते वर्षानुवर्षे खांदा लावून ढकलत होतो आणि त्यासाठीच तर मोटर हवी होती. पण जे फाटक एका हाताने सरकत नाही त्याला मोटर लावायची नाही, असे त्याने ठामपणे सांगितले. खालच्या चाकांची बेअरिंग गंजून बसली होती. ती बदलल्यावर फाटक इतके हलके झाले की मोटरची गरजच काय, असा प्रश्न मला पडला. घरात तो कोणी ऐकून घेतला नाही.

मग निवड सुरू झाली. दोन दारांचे फाटक आत उघडले असते, तर चढाच्या जमिनीला घासले असते. शिवाय पूर्ण पत्र्याचे दार शिडासारखे वारा धरते आणि तो सगळा जोर मोटरच्या दांड्यावर येतो. म्हणून सरकतेच ठेवले. त्याचे वजन साधारण साडेतीनशे किलो, पण मोटर सहाशे किलोंची घेतली, कारण पाटीवरचा आकडा गुळगुळीत रूळ आणि नवी चाके धरून लिहिलेला असतो. चोवीस व्होल्टची घेतली, म्हणजे बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या जोडून वीज गेली तरी काम भागते. दातेरी पट्टी आणि मोटरचे दातेरी चाक यांच्यात एक-दोन मिलिमीटर फट राहील, याची मात्र कारागिराने नाणे सरकवून खात्री केली. फाटकाचा भार त्या चाकावर आला की दात झिजलेच म्हणून समजावे.

आमच्या लहानपणीच्या फाटकाला कडी होती. खालच्या आडव्या पट्टीवर उभे राहून आम्ही झोके घ्यायचो आणि आजोबा आतून ओरडायचे, ‘‘अरे, बिजागऱ्या निखळतील!’’ बिजागऱ्या निखळल्या नाहीत, पण फाटक कलले. त्याच्या टोकाने मातीत पाव वर्तुळाची खोल रेघ कोरली आणि पुढे ते लावताना अंगठा कडीवर ठेवून जरा उचलावे लागे. घरच्यांना हे ठाऊक होते. कडी न खडखडता वर गेली की बाबा आले. फरफटल्याचा आवाज आला की कोणीतरी परके आले. आजीला चष्म्यावाचून पाहुणा ओळखता येई तो या आवाजावर. आताचे फाटक मिनिटाला दहा-बारा मीटर या एकाच वेगाने सरकते. चार मीटरांचे अंतर कापायला त्याला वीस ते चोवीस सेकंद लागतात, मग माणूस घरचा असो वा परका.

देखभालीत माझा उत्साह नडला. वंगण म्हटले की चांगलेच, या समजुतीने मी सगळ्या दातेरी पट्टीला ग्रीस चोपडले. आठवड्याभरात त्यावर वाळू बसून कानस तयार झाली आणि रॉकेलने पुसत एक रविवार गेला. मुंग्यांचे प्रकरण वेगळेच. सर्किटची ऊब त्यांना आवडते आणि वायरीच्या नळीतून त्या बिऱ्हाड घेऊन आत येतात; आता ते भोक बुजवले आहे. महिन्यातून एकदा फाटकाच्या वाटेत लाकडी ठोकळा ठेवून ते टेकताच मागे फिरते का, हे मात्र मी न चुकता पाहतो. शेजारची मुले आमच्याकडे खेळायला येतात आणि पट्टीवर उभे राहण्याचा मोह मला चांगला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात वीज नव्हती, बॅटऱ्याही दमल्या होत्या आणि आम्ही बाहेर होतो. मोटरच्या आतली गिअरची रचनाच अशी, की बंद मोटरचे फाटक ढकलून हलत नाही. ते सोडवायला किल्ली लागते. किल्ली घरात, खिळ्याला. मोटर फाटकाच्या आतल्या बाजूला. या वयात मी फाटकावर चढलो, आजोबांची आठवण काढत पलीकडे उतरलो आणि दुसऱ्याच दिवशी दुसरी किल्ली करून शेजाऱ्यांकडे ठेवली.

त्यांचे फाटक अजून कडीचे आहे. किल्ली द्यायला गेलो, तेव्हा ते उघडताना सवयीने जरा उचलले. उचलावेच लागते.