तुम्ही विचारलंत म्हणून: उलाँग, म्हणजे ग्रीन टी आणि काळा चहा यांच्या मधला चहा, किती मिनिटं उकळायचा?

आमच्याकडे उलाँग प्यायलेला माणूस हे विचारतोच. उत्तर: उकळायचाच नाही. पाण्याला आधण येऊ द्या, पानं पातेल्यात टाकू नका. आणि दूध? हा चहा वासासाठी प्यायचा, दुधात तो वास बुडतो.

मी घेतो तो चीनमधल्या फुज्यान प्रांतातल्या आन्शीचा त्ये-ग्वान-यिन, हलका भाजलेला. खुडलेली पानं सुकवून हलवत राहतात. कडा चेचल्या जातात, हवा लागून लालसर होतात, मधलं पान हिरवंच राहतं. मग कडक आचेवर ती क्रिया थांबवायची आणि फडक्यात बांधून पुन्हा पुन्हा मळायचं, म्हणून पानाची घट्ट गोळी होते. शेवटी भाजणी. अजिबात न भाजलेला हिरवागार प्रकारही मिळतो, फुलांसारखा दरवळतो, पण रिकाम्या पोटी मला बोचतो. फार भाजला की फूल जातं, नुसता खरपूसपणा उरतो. हलक्या भाजणीत फूल टिकतं आणि कच्चटपणा तेवढा जातो.

आता कृती. गायवान म्हणजे झाकणाचा, बिनकानाचा छोटा वाडगा, साधारण 110 मिलिलीटरचा. तो गरम पाण्याने विसळा, त्यात 6 ग्रॅम गोळ्या टाका. कमी दिसतील, तरी वाढवू नका. फुलल्यावर झाकण उचलतील. ग्रीन टीसाठी पाणी निववतात, तसं इथे करू नका. कोमट पाण्याने गोळी नीट उलगडत नाही. पहिलं पाणी ओतून लगेच फेका. दुसरं 20 सेकंद ठेवा, तिसरं त्याहून थोडं कमी, कारण पानं आता उघडलेली असतात. पुढे दर वेळी थोडं वाढवत जा. सहा-सात पाणी सहज निघतात. मला तिसरं आणि चौथं आवडतं. दर वेळी वाडगा पूर्ण निथळा. मागे राहिलेलं पाणी पुढचा घोट कडू करतं. लोक तापमानाला घाबरतात, खरा घोटाळा वेळेचा असतो.

गायवान नसेल तर झाकणाचं छोटं भांडं आणि गाळणं चालतं. ऑफिसात मगभर पाण्याला 3 ग्रॅम, तीन मिनिटं. चव सपाट येते, पण मीटिंगला पुरते.

साखर घालायची तर घाला, मी अडवणार नाही. डबा मात्र मसाल्याच्या कपाटात ठेवू नका. हिंगाचा वास चहाला लागला की जात नाही.