तुम्ही विचारलंत म्हणून : भारतीचा आवाज जळगावात

जळगावात माझ्या गच्चीवर ताणलेली तार पाहून घरी येणारे बहुतेक जण विचारतात, की अंटार्क्टिकावरून रेडिओचा आवाज इथवर पोहोचतो तरी कसा, मध्ये पृथ्वीची गोलाई आडवी येत नाही का? येते, पण लघुलहरी (शॉर्टवेव्ह रेडिओलहरी) सरळ रेषेत येतच नाहीत.

अंटार्क्टिकावरचे आपले ‘भारती’ हे संशोधन केंद्र जवळपास जळगावच्याच रेखांशावर, थेट दक्षिणेला, सुमारे १०,००० किलोमीटरवर आहे. तिथून निघालेली लहर अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरात, वाकते, खाली येते आणि समुद्रावरून पुन्हा वर जाते. अशा एका झेपेत फार तर चार हजार किलोमीटर अंतर कापले जाते, म्हणजे निदान तीन झेपा हव्यात. वाटेत बहुतांश हिंदी महासागरच आहे, हे आपले नशीब. खारे पाणी लहरी चांगल्या परतवते, बर्फ त्या कामी फारसा उपयोगाचा नाही.

खरी अडचण अंतराची नाही, भारतीजवळच्या पहिल्या टप्प्याची आहे. ध्रुवांजवळ पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जवळजवळ उभ्या असतात आणि सूर्याकडून आलेले विद्युतभारित कण त्यांच्या वाटेने खाली उतरतात. ध्रुवीय प्रकाशाचे कडे खवळलेले असताना लहर त्यातून आली, तर मोर्सची स्वच्छ शिट्टी फाटते आणि तिच्या जागी घोगरी घरघर ऐकू येते. वैशाखात वळवाच्या विजांचा खरखराट ऐकून तयार झालेल्या आमच्या कानांना ती लगेच वेगळी कळते. मोठ्या सौर उद्रेकानंतर तर प्रोटॉनांच्या माऱ्याने ५० ते ९० किलोमीटरवरचा थर इतका आयनित होतो, की लहर त्यातच शोषली जाते आणि संपर्क कधी कधी काही दिवस बंद पडतो.

वारंवारता वाढवली की शोषण घटते, पण फार वाढवली तर लहर आयनांबर भेदून अवकाशात निघून जाते. ध्रुवीय हिवाळ्यात सूर्यप्रकाशाअभावी ही वरची मर्यादाही खाली येते. या दोहोंमधली चिंचोळी जागा हुडकणे हेच, माझ्या मते, तिथल्या रेडिओचालकाचे खरे कसब.

उपग्रह असताना हा खटाटोप कशाला, हा पुढचा प्रश्नही ठरलेला. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर असतात आणि सुमारे ८१ अंश अक्षांशापलीकडे ते क्षितिजाखाली जातात. म्हणून उत्तर ध्रुवाजवळून जाणारी विमाने लघुलहरींचाही आधार घेतात, आणि प्रोटॉनांचा मारा चालू असेल तेव्हा विमान कंपन्या तो मार्ग सोडून लांबचा धरतात.