डॅलस ते हचिन्सन: ज्युनियर कॉलेजच्या बास्केटबॉल संघात जागा शोधताना

महाराष्ट्रात ज्युनियर कॉलेज म्हटले की अकरावी-बारावी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत मात्र ते बारावीनंतरचे, पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण देणारे कॉलेज असते. माझा मुलगा गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारा खेळाडू, म्हणून खेळतो आणि हायस्कूलचे शेवटचे वर्ष संपत आले तरी चार वर्षांच्या एकाही विद्यापीठाने त्याला विचारले नव्हते. म्हणून मार्चच्या सुट्टीत आम्ही दोघे डॅलसच्या उत्तरेकडील घरून गाडीने कॅन्ससमधील हचिन्सनला गेलो. ज्युनियर कॉलेजांच्या एनजेसीएए या संघटनेची पुरुषांच्या पहिल्या विभागाची, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीची, राष्ट्रीय स्पर्धा १९४९ पासून याच गावात भरत आली आहे.

अंतर सुमारे ४०० मैल आहे. पहाटे पाचला निघालो, सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. टेक्सासची हद्द संपण्याआधी गेन्सव्हिल लागते. पुढे व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये गाजलेला डेनिस रॉडमन याच गावातील कॉलेजात एक सत्र खेळला आणि अभ्यासात मागे पडल्यामुळे त्याला ते सोडावे लागले, हे मुलानेच मला सांगितले. तसाच नावाजलेला जिमी बटलरही टेक्सासमधील टायलर ज्युनियर कॉलेजात एक वर्ष खेळून मग मार्केट (Marquette) विद्यापीठात गेला. ओक्लाहोमा ओलांडल्यावर विचिटापर्यंतचा रस्ता टोलचा आहे आणि तेथे आता रोख पैसे घेत नाहीत; डॅलसकडचा टोलटॅग चालतो. स्पर्धेच्या आठवड्यात हचिन्सनमधील हॉटेले संघांनीच भरलेली असतात, त्यामुळे आम्ही तासाभराच्या अंतरावर विचिटात उतरलो.

स्पर्धा १९५२ मध्ये उघडलेल्या स्पोर्ट्स अरीनात होते. पहिल्या दिवसांत सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक सामने असतात, म्हणून दिवसभराचेच तिकीट काढावे. मी मुलाला गुण मोजू दिले नाहीत. प्रत्येक संघात दुसऱ्या वर्षाचे गार्ड किती आहेत, एवढेच त्याने वहीत लिहायचे होते. ज्युनियर कॉलेजात खेळाडू फार तर दोन वर्षे राहतो, त्यामुळे जवळजवळ अर्धा संघ दर वसंतात रिकामा होतो, आणि आपल्या मुलासाठी जागा असली तर ती तेथेच असते. चार वर्षांच्या विद्यापीठांची भरती बरीच आधी आटोपते, तर ज्युनियर कॉलेजांची एप्रिल-मेपर्यंत चालू राहते. मात्र २०२१ पासून विद्यापीठांतील खेळाडूंना एक वर्ष न थांबता संघ बदलता येऊ लागल्याने प्रशिक्षक अनुभवी खेळाडूंकडे अधिक वळले आहेत आणि तेथे जागा न मिळालेली मुलेही इकडे येतात, हे ध्यानात ठेवावे.

ज्यांचा संघ स्पर्धेत आहे त्या प्रशिक्षकांना त्या दिवसांत गाठण्याचा प्रयत्न करू नये. आम्ही तीन आठवडे आधी इतर प्रशिक्षकांना ईमेल पाठवले होते आणि त्यांतील दोघे प्रेक्षकांत भेटले. मुलाने दीड मिनिटाची निवडक क्षणांची चित्रफीत दाखवली. त्यांतील एकाने ती अर्ध्यावर थांबवून दोन पूर्ण सामने मागितले, कारण चेंडू हातात नसताना मुलगा काय करतो हे त्याला पाहायचे होते. आमच्याकडे पूर्ण सामने नव्हते. ते शाळेच्या प्रशिक्षकाकडून मिळवण्यात चार दिवस गेले. मूळ सामन्यांचे दुवे आणि शाळेचे गुणपत्रक ईमेललाच जोडून पाठवावे.

पैशाबाबतचा धडा आम्हाला परतीच्या वाटेवरील एका कॉलेजात मिळाला. प्रशिक्षकाने तोंडी ‘सगळा खर्च आमचा’ असे सांगितले आणि मुलाचा चेहरा उजळला, पण कार्यालयातून आलेल्या कागदावर फक्त शिकवणी शुल्क आणि पुस्तके होती. मला त्या क्षणी मुलाकडे पाहवले नाही. पहिल्या विभागातील कॉलेज राहणे-जेवणही देऊ शकते, दुसऱ्या विभागातील कॉलेजची शिष्यवृत्ती शुल्क आणि पुस्तकांपुरतीच असते, तर तिसऱ्यात खेळासाठी काहीच मिळत नाही. कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजे वेगळ्या संघटनेत आहेत आणि तेथे खेळाची शिष्यवृत्ती नसते. पहिल्या विभागातही प्रत्येकाला पूर्ण रक्कम मिळेलच असे नाही. म्हणून राहणे, जेवण, शुल्क आणि पुस्तके यांचे वेगवेगळे आकडे लिहून मागावेत. खेळाडू सही करतो ते संमतिपत्र एका शैक्षणिक वर्षापुरतेच असते, तेव्हा दुसऱ्या वर्षाचे काय हेही विचारावे.

अभ्यासाचा मुद्दा आईवडिलांनीच धरून ठेवायचा असतो. विद्यापीठांची एनसीएए ही संघटना हायस्कूलमधील १६ ठरावीक अभ्यासक्रम आणि पहिल्या विभागासाठी त्यांत ४ पैकी किमान २.३ सरासरी मागते. ही अट पुरी करणाऱ्याला ज्युनियर कॉलेजमधून एका वर्षानंतरही पहिल्या विभागाच्या विद्यापीठात जाता येते. ज्याची अट पुरी होत नाही त्याला आधी ज्युनियर कॉलेजची दोन वर्षांची पदवी घ्यावी लागते. दोघांनाही कॉलेजमधील सरासरी २.५ च्या खाली जाऊ देऊन चालत नाही. म्हणून ज्युनियर कॉलेजच निश्चित असले तरी एनसीएएच्या पात्रता केंद्रात नाव नोंदवून ठेवावे. आम्ही प्रत्येक कॉलेजात एकच प्रश्न आग्रहाने विचारला: गेल्या वर्षीचे दुसऱ्या वर्षाचे खेळाडू आज कोठे आहेत? ज्या प्रशिक्षकाने एकेकाचे नाव, विद्यापीठ आणि विषय न अडखळता सांगितला, त्याच्याकडेच मुलगा जाणार आहे.

तेथे दुसऱ्या दिवशी त्याला संघाबरोबर खेळून पाहण्यासाठी बोलावले. यासाठी वैद्यकीय तपासणीचा अर्ज आणि विम्याची प्रत सोबत हवी, नाहीतर मैदानात पाऊल ठेवू देत नाहीत. वसतिगृह पाहताना नाताळच्या सुट्टीत खानावळ उघडी असते का, हेही विचारून घ्यावे. बाकीची मुले घरी जातात तेव्हाही संघाला लवकर परत यावे लागते. सही मे महिन्यात झाली. वसतिगृहातील पलंग नेहमीपेक्षा लांब असल्याने घरातील चादरी पुरणार नाहीत, त्या नव्या घ्याव्या लागल्या आहेत.